चोराने वाढवलेले पंधरा ग्रॅम

मांडव्याच्या जेटीवर पाय ठेवला आणि प्राचार्यांचा सहावा फोन आला.

"मॅडम, कुठवर आलात?"

"जेटीवर. सर, लाँच मी चालवत नाही."

"मीटिंग चारला आहे. नानाशेठ साडेतीनलाच येऊन बसणार. पोलिसांत द्यायचा अर्ज टाइप करून ठेवलाय. फक्त तुमचा रिपोर्ट जोडायचा राहिलाय."

"माझा कुठला रिपोर्ट?"

"तीन वर्षांपूर्वीचा. युरेनियमचा. त्यात तुम्हीच लिहिलंय ना, युरेनियम नाही म्हणून?"

फोन ठेवला. माझी पर्स खांद्यावर होती आणि मी ती दोन मिनिटं शोधत होते.

मी केमिस्ट आहे. मुंबईतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये एक्सआरडीचं मशीन सांभाळते आणि राहते किहीमला. आमच्या भागातल्या एका कॉलेजने मला त्यांच्या केमिकल सेफ्टी कमिटीवर घेतलं आहे. कारण मी फुकट येते आणि त्यांच्या चहाला नावं ठेवत नाही.

युरेनियम म्हटल्यावर दचकू नका. बॉम्बचा काही संबंध नाही. जुन्या कॉलेजांत पाण्यातलं सोडियम ओळखायला युरेनियमचा एक पिवळा क्षार वापरायचे. आमच्या कॉलेजचे जुने विभागप्रमुख वैद्य सर फार चिकट माणूस. प्रयोगानंतरचं पिवळं पाणी त्यांनी कधी फेकू दिलं नाही, वर्षानुवर्षं कॅनमध्ये साठवलं. निवृत्तीच्या आधी त्यातून युरेनियम परत काढलं, भट्टीत भाजलं आणि बाटलीत भरलं. लेबल लावलं, 'युरेनियम ऑक्साइड, नारिंगी भुकटी, २१० ग्रॅम'. या भुकटीचा किरणोत्सर्ग अगदी मंद. पोटात गेली तर मात्र मूत्रपिंडांना वाईट. आणि सरकारच्या लेखी हा बंधनातला पदार्थ, त्यामुळे ग्रॅमन् ग्रॅम रजिस्टरमध्ये.

त्या वेळी वैद्य सरांनी सगळ्या परवानग्या काढून एक चिमूट माझ्याकडे तपासायला पाठवली होती. मी तपासली. रिपोर्ट लिहिला. विसरले.

आता कॉलेजचं म्हणणं असं होतं. वार्षिक तपासणीला नवीन प्राचार्यांनी कपाट उघडलं तर बाटली ठेवलेल्या बरणीचं सील तुटलेलं. आतली भुकटी नारिंगीऐवजी पिवळी. फाइलमध्ये माझा रिपोर्ट, 'नमुन्यात युरेनियमचे कोणतेही ज्ञात संयुग आढळले नाही'. थोडक्यात, कोणीतरी बरीच वर्षं माल काढतंय आणि दुसरंच काहीतरी भरून ठेवतंय. कपाटाची चावी आणि सीलचा पितळी शिक्का एकाच माणसाकडे. लॅब असिस्टंट हिराजीदादा म्हात्रे. नोकरीची चौतीस वर्षं. निवृत्तीला अठरा दिवस.

रिक्षात मला स्वस्थ बसवेना. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सीट टोचतेय काय?" मी म्हटलं, "नाही, रिपोर्ट टोचतोय." त्याने आरशात पाहिलं आणि स्पीड वाढवला.

हिराजीदादा गेटवरच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात चाव्यांचा जुडगा. मला पाहून पुढे आले.

"बाय, तुमी लिवलाव का, त्यात युरेनियम न्हाय म्हून?"

"लिहिलं मी, दादा."

"मंग त्यात काय व्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम होतं आणि तीन वर्षांपूर्वी मी ते केलं नव्हतं. मी म्हटलं, "तेच बघायला आलेय. आधी मला सांगा, सील तुम्ही तोडलंत?"

"न्हाय. पन लावलं मीच. तीन डाव."

"तीनदा? म्हणजे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पहिल्या वरसाला मेण आपोआप फुटलं. वैद्य सरांना दाखवला, ते बोलले गरमीनं सुटलं असंल, परत लाव. मी लावला. म्होरच्या पावसात परत फुटलं. तवा सर वारले व्हते. सांगू कोनाला? परत लावला. औंदा लावायच्या आधीच नव्या सायबांनी बघितला."

"रजिस्टरमध्ये लिहिलंत?"

"न्हाय लिवला." हीच त्यांची चूक होती, आणि मोठी होती.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच. "कपाट दाखवा."

इथे दोन मिनिटं माझ्या मशीनबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक्सआरडीमध्ये पदार्थावर एक्स-रे सोडतात. पदार्थातले अणू कवायतीच्या मुलांसारखे रांगेत उभे असतील तर किरण ठरावीक कोनांतून परत उसळतात आणि ग्राफवर उभ्या टोकदार रेघा येतात. प्रत्येक पदार्थाच्या रेघा वेगळ्या, त्यावरून तो ओळखायचा. पण काही पदार्थांत अणू जत्रेतल्या गर्दीसारखे असतात. माणसं तीच, रांग नाही. अशा पदार्थाला अमॉर्फस म्हणतात. त्याच्या ग्राफवर रेघा नसतात. एक पसरट फुगवटा येतो, समुद्रातून कनकेश्वरचा डोंगर दिसतो तसा.

वैद्य सरांच्या चिमटीचा ग्राफ तसाच होता. डोंगर, बाकी काही नाही. त्या दिवशी शंभर नमुने रांगेत होते. मी लिहून टाकलं, ज्ञात संयुग आढळलं नाही. माझ्या मशीनला दिसलं नाही, एवढंच त्याचं खरं मोल. कॉलेजने वाचलं, चोरी झाली.

कपाटात बारा बरण्या होत्या. दमट हवेने खराब होणारी सगळी केमिकल्स. आमच्याकडे पावसाआधी घरोघरी आगोट भरतात, तांदूळ, सुकट, मसाला सगळं डब्यांत बंद. हिराजीदादा लॅबचीही आगोट भरायचे. प्रत्येक बाटली मोठ्या बरणीत, बरणीच्या झाकणाभोवती मेण, मेणावर पितळी शिक्का. अकरा सील शाबूत. एकच फुटलेलं.

मी ग्लोव्हज चढवले, मास्क लावला, ट्रे घेतला आणि ती बरणी फ्यूम हूडखाली, म्हणजे हवा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात, उघडली. आत युरेनियमची बाटली. तिचं काचेचं बूच वर उचललेलं, तिरकं. आणि बाटलीशेजारी एक छोटी वाटी. वाटीत ओलसर पांढरा लगदा.

"हे काय?"

"मीठ हाय. ओल खातं." दादांचा आवाज पहिल्यांदाच जरा सरळ झाला. "आमची मिठागरं व्हती. आय सुकटीच्या डब्याशेजारी अशीच वाटी ठेवायची. बारा बरन्यांत बारा वाट्या. वैद्य सर म्हनायचे, हिराजी, तुझं मीठ लय भारी."

मी त्या वाटीकडे बघत राहिले आणि मला हसू यायला लागलं. वेळ हसायची नव्हती. पण काय करू? आमच्या लॅबमध्ये एखादा पदार्थ दमट हवेत कसा वागतो हे बघायचं असलं की बंद भांड्यात मिठाचा ओला लगदा ठेवतो. आतला दमटपणा बरोबर पंचाहत्तर टक्क्यांना धरून राहतो, महिनोन्महिने. कोरडं मीठ ओल ओढतं हे खरं. पण एकदा ओलं झालं की बंद जागेत ते ओल कमी होऊ देत नाही. दादांनी युरेनियमला कोरडं ठेवायचं म्हणून त्याच्या उशाशी पाण्याचा नळ सोडला होता. तोही अचूक मोजून.

बाटली उजेडात धरली. वरचा थर पिवळा. खाली, तळाशी, दोन बोटं जाडीचा थर अजून नारिंगी.

"दादा, वैद्य सरांनी भुकटी कशी केली, तुम्ही पाहिलंत?"

"मीच तर व्हतो संगती. त्या पान्यात हायड्रोजन पेरॉक्साइड वतला. पिवळा गाळ बसला. तो भट्टीत घातला."

"किती डिग्रीला?"

"सरांना आठशे पायजे व्हते. पन भट्टीची कॉइल गेल्याली. तीनशेच्या वर जाईना. सर बोलले, चालंल."

नाही चाललं! मी तिथल्या तिथे टाळी वाजवली, ग्लोव्हज घालून. दादा दचकले.

आठशेला तापवलं असतं तर काळपट, निमूट ऑक्साइड झालं असतं. ते कोणाच्या वाटेला जात नाही. तीनशेला भाजलं की मध्येच एक अर्धकच्चा प्रकार तयार होतो. युरेनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे सात, रंग नारिंगी, आत रांग नाही, आणि पेरॉक्साइडमधला जास्तीचा ऑक्सिजन पोटात दाबून बसलेला. अमॉर्फस. त्याला पाणी मिळालं, अगदी हवेतली ओल मिळाली, तरी तो हळूहळू पिवळा होतो, पाणी अंगात घेतो आणि पोटातला ऑक्सिजन सोडून देतो. मेणाने बंद केलेल्या बरणीत तो वायू जाणार कुठे? दर पावसाळ्यात थोडा थोडा साठला आणि दर पावसाळ्यात झाकण उचललं.

"दादा, वजन केलं का कोणी?"

"न्हाय. सायेब बोलले, हात लावू नका."

मी वजन केलं. रिकाम्या बाटलीचं वजन वैद्य सरांनी लेबलवर लिहून ठेवलं होतं, देव त्यांचं भलं करो. भुकटी भरली दोनशे पंचवीस ग्रॅम. पंधरा ग्रॅम जास्त.

चारला दहा मिनिटं होती.

नानाशेठ संस्थेचे अध्यक्ष. वडिलांची मिठागरं, स्वतःचे ट्रक. प्राचार्य त्यांच्या शेजारी फाइल छातीशी धरून बसले होते. वय चाळीसच्या आत, सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेले, आणि युरेनियम गेलं तर सही आपली लागेल या विचाराने तीन रात्री झोप नाही, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"मॅडम, शॉर्टमध्ये," नानाशेठ म्हणाले. "माल हाय की गेला?"

"आहे."

"तुमचा कागद तर बोलतो न्हाय."

"माझा कागद चुकला." प्राचार्यांनी फाइल उघडून माझी सही शोधली. मी पुढे म्हटलं, "मी आळशीपणाने लिहिलं. ते मी लेखी मागे घेते. आणि सर, मालाचं वजन वाढलंय. पंधरा ग्रॅम. आता चोर माल चोरतो आणि वर भर घालून ठेवतो का?"

मला वाटलं, हा माझा हुकमाचा पत्ता. नानाशेठ मान मागे टाकून हसले.

"मॅडम, तुमी कधी रेतीचा धंदा केला न्हाय. ड्रायव्हर रस्त्यात अर्धा ब्रास रेती उतरवतो आणि वरून पाणी मारतो. काट्यावर वजन भरतं, उलट जास्तच भरतं. वजन वाढलं म्हंजे चोरी नक्की."

प्राचार्यांनी मान हलवली. माझा पत्ता माझ्याच नाकावर आपटला होता. आणि गंमत म्हणजे नानाशेठ अर्धे बरोबर होते, वजन पाण्यानेच वाढलं होतं.

"फिजिक्सच्या किरणोत्सर्ग मोजायच्या काउंटरवर टकटक येते," प्राचार्य म्हणाले. "म्हणजे थोडंफार युरेनियम असेल. पण किती, ते कसं कळणार?"

"हिराजी माझ्या गावचा," नानाशेठ म्हणाले. आता हसत नव्हते. "त्याच्या घरात मी लहानपणी जेवलोय. म्हनून तर सोडता येत न्हाय. उद्या लोक बोलतील, गाववाल्याला वाचवला."

दादा दाराशी उभे होते. खुर्ची दिली होती, बसले नव्हते. त्यांनी चाव्या टेबलावर ठेवल्या. आवाज झाला.

मी उठले. एका जागी राहणं मला शक्यच नव्हतं. "सगळे लॅबमध्ये चला. दहा मिनिटं. मग अर्ज द्यायचा तर द्या."

लॅबमध्ये मी सगळ्यांना काचेच्या बाहेर उभं केलं. कमिटीच्या नात्याने प्राचार्यांची सही घेऊन तळाची नारिंगी भुकटी काढली, दोन ग्रॅम. टेस्ट ट्यूबमध्ये टाकली, कोमट पाणी ओतलं, नळीचं बूच लावलं आणि नळीचं दुसरं टोक पाण्यात उपड्या धरलेल्या दुसऱ्या ट्यूबखाली सोडलं. आठवीतला प्रयोग. दादांनी स्टँडला क्लॅम्प असा लावला की मला हात लावावा लागला नाही. चौतीस वर्षांचा हात होता.

काही झालं नाही.

एक मिनिट गेलं. नानाशेठ खिशातला मोबाइल काढून बघू लागले. दोन मिनिटं गेली. प्राचार्यांनी खोकून घशाला वाट करून दिली. मी बोटांनी टेबलावर ताल धरला होता, तो दादांनी हळूच माझ्या हाताखाली फडकं सरकवून बंद केला.

मग नळीच्या टोकाशी एक बुडबुडा आला. थांबला. सुटला. मागून दुसरा. मग एकामागून एक, न थांबता. पाण्यातली नारिंगी भुकटी कडेने पिवळी पडत होती. उपडी ट्यूब वायूने भरली. मी ती अंगठ्याने बंद करून बाहेर घेतली.

"दादा, उदबत्ती."

सरस्वतीच्या फोटोपाशी पुडा असतोच. दादांनी एक पेटवली, फुंकर मारून विझवली. टोकाला नुसता लाल ठिपका राहिला. मी अंगठा काढला आणि उदबत्ती ट्यूबमध्ये घातली.

भक्कन पेटली. नानाशेठ मागे सरकले ते थेट प्राचार्यांच्या पायावर.

"हळद पाण्यात टाकली तर असं होत नाही," मी म्हटलं. "रंगाने नाही होत, रेतीने नाही होत. हा ऑक्सिजन याच भुकटीच्या पोटातला. वैद्य सरांच्या भट्टीने ठेवलेला. वरची पिवळी भुकटी म्हणजे हीच, तीन पावसाळे ओल खाल्लेली. सील बाहेरून कोणी तोडलं नाही. आतून ढकललं गेलं."

"मंग बाकीच्या अकरा बरन्या का न्हाय फुटल्या?" नानाशेठांनी विचारलं. प्रश्न चांगला होता.

"मेण तेच, माणूस तोच, मीठ तेच. पण आत युरेनियम एकाच बरणीत."

"मीठ?"

मी वाटी दाखवली. नानाशेठ वाकले. मग त्यांनी दादांकडे पाहिलं.

"कोठीतली वाटी? तुझी आय ठेवायची ती?"

"तीच चाल, शेठ."

"आमची पन ठेवायची." नानाशेठ थोडा वेळ त्या लगद्याकडे बघत राहिले. मग प्राचार्यांकडे वळले. "तो अर्ज द्या इकडं." आणि टाइप केलेला कागद चार घड्या करून स्वतःच्या खिशात टाकला.

प्राचार्य म्हणाले, "पण किती आहे, ते अजून सिद्ध नाही."

हा माणूस मला तेव्हाच आवडायला लागला. बरोबर बोलत होता. मी त्यांना सांगितलं, पूर्ण आठशे डिग्रीला तापवू. पाणी उडून जाईल, जास्तीचा ऑक्सिजन उडून जाईल, काळं ऑक्साइड उरेल. मूळच्या दोनशे दहा ग्रॅममधून ते किती उरायला हवं याचा हिशोब कागदावर करता येतो. तेवढं उरलं तर माल पूर्ण. कमी उरलं तर अर्ज पुन्हा टाइप करा.

पुढचे नऊ दिवस परवानग्यांचे कागद फिरत होते आणि मी घरात फिरत होते. समुद्रावर चालायला जायचे आणि निम्म्यातून परत यायचे. समजा, कमी भरलं तर? बुडबुड्यांनी वायू दाखवला होता, माल पूर्ण आहे हे नाही दाखवलं. मुलगी म्हणाली, "आई, तू स्वतःच चोरी केल्यासारखी वागतेयस." खोटं नव्हतं.

दहाव्या दिवशी आमच्या लॅबच्या भट्टीतून काळी भुकटी बाहेर आली. तापवण्याआधी पिवळ्या थरातून राखून ठेवलेली चिमूट आणि प्रयोगाचे दोन ग्रॅम धरून वजन जुळलं. थोडा फरक होता, भांड्याला चिकटलेल्याचा. मग मी ती पिवळी चिमूटही मशीनमध्ये घातली. स्वच्छ, टोकदार रेघा, युरेनियमच्याच. तीन पावसाळे ओल खाऊन ती गर्दी रांगेत उभी राहिली होती. ज्या वाटीने दादांना गोत्यात आणलं तिनेच पदार्थाला माझ्या मशीनला दिसेल असा चेहरा दिला होता.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी नवा रिपोर्ट घेऊन गेले. पहिल्या ओळीत माझी चूक, पुढे बाकीचं, वाटीतल्या मिठाचे पंचाहत्तर टक्केही. दादांनी रजिस्टर मागवलं. तीन वेळा सील फुटलं ते तिन्ही दिवस त्यांच्या लक्षात होते, पहिला नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यांनी त्या त्या पानावर जाऊन नोंद केली, शेजारी आजची तारीख घातली आणि सही केली. प्राचार्य म्हणाले, "आता कशाला, दादा?"

"सायेब, फुटला तो मिठानं. लपवला तो मी."

प्राचार्यांनी प्रत्येक नोंदीखाली सही केली.

जाताना दादांनी मला पिशवी दिली. आत दोन किलो खडे मीठ. "बाय, तुमच्या लॅबात ठेवा. पंचाहत्तर टक्क्याला."

ते मीठ मी खरंच वापरते. आणि 'आढळले नाही' असं लिहायची वेळ आली की आधी फोन करून विचारते, नमुन्याचं वजन कमी झालंय की वाढलंय?